दृष्टी गेल्यावर तिशीत पुन्हा कॉलेज : कुणी केलंय का?

कृष्णाकाठ | १४ जून २०२५, रात्री १०:४२

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ आता ३० वर्षांचा आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याला रात्री दिसेनासं झालं. आधी चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून सोडून दिलं, मग तो दोनदा गाडीवरून पडला आणि तपासण्यांमध्ये आरपी, म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोसा निघालं. पुढे दिवसाचंही कमी होत गेलं. आता त्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही. कॉलेज सुटलं ते सुटलंच. आठ वर्षं घरी आहे. रेडिओ, मोबाइलवरची भाषणं आणि इतिहास यावर दिवस काढतो. गेल्या वर्षी सिव्हिलमध्ये खेटे घालून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) करून घेतलं.

आता म्हणतो, इतिहास घेऊन बीए करायचंय, आणि कॉलेजात जाऊन करायचंय. अण्णांचं म्हणणं, आता कशाला. आई काही बोलत नाही, पण आठ वर्षं झाली तरी ताटात भाजी कुठल्या बाजूला आणि आमटी कुठे हे रोज सांगते, त्यावरून काय ते समजा.

परवा जवळच्या एका कॉलेजात चौकशीला गेलो. खिडकीवरचे गृहस्थ सगळं माझ्याशी बोलले. "यांचं शिक्षण किती?", "यांना घेऊन रोज कोण येणार?" हा शेजारीच उभा! शेवटी म्हणाले, "आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही, मुक्तमधून करा." येताना गाडीत भाऊ एवढंच म्हणाला, "मुलगा म्हणाले ना, बरं वाटलं."

विचारायचं असं, की वयाची अडचण येते का? परीक्षेत उत्तरं लिहून घेणारा लेखनिक कसा मिळतो? ऐकून अभ्यास नेमका करतात कसा? आणि खरंच मुक्त विद्यापीठ बरं का?

---

पांढरी_काठी | १५ जून २०२५, सकाळी ७:१०

ताई, मी जन्मापासून पूर्ण अंध. बँकेत अधिकारी आहे, ठाण्यात राहतो. एकेक घेतो.

"सोय नाही" हे प्रवेश नाकारायचं कारण होऊच शकत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. प्रवेशाला कमाल वयाची अट असेल तर त्यात ५ वर्षांची सवलत आहे. बीएला मुळात वयाचं फारसं कुणी विचारत नाही. या राखीव जागांसाठी आणि सवलतीसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते तुमच्याकडे आहे, म्हणजे निम्मी लढाई जिंकलात. पुढच्या वेळी तोंडी चौकशी करू नका. अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. लेखी नकार द्यायला कुणीच तयार नसतं, हा माझा अनुभव.

आता अभ्यास. संगणकावर एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर टाका, ते मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं. मराठी वाचतं. आवाज सुरुवातीला डब्यातून आल्यासारखा वाटेल, महिन्याभरात कान बसतो. भाऊ आज ज्या वेगाने ऐकत असेल त्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने वर्षभरात ऐकेल. माझी बायको म्हणते, तुझ्या कॉम्प्युटरला कुत्रं मागे लागलंय.

खरी मेख पुढे आहे. कॉलेजातल्या मराठी नोट्स अजूनही श्रीलिपी नाहीतर कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना ते मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. त्यामुळे स्क्रीन रीडर 'शिवाजी महाराज' वाचायच्या जागी एफ, के, स्लॅश असलं काहीतरी बरळतो. प्राध्यापकांना हे माहीतच नसतं. त्यांना "युनिकोडमध्ये द्या" एवढंच सांगायचं, त्यात मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवली जातात. जुनी फाइल बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. पुस्तक छापील असेल तर फोटो काढून गुगल ड्राइव्हमधून मजकूर काढता येतो. मराठीचं ते आता बऱ्यापैकी बरोबर येतं, जोडाक्षरांत मात्र गडबडतं.

पुस्तक स्कॅन करणं बेकायदा नाही का, असं लोक विचारतात. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून दिव्यांग वाचकासाठी सुलभ प्रत बनवायला मुभा आहे. सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालय आहे, तिथे नाव नोंदवा. मुंबईला झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी रिसोर्स सेंटर आहे, एक्सआरसीव्हीसी म्हणतात. ते फक्त त्यांच्या विद्यार्थ्यांपुरतं नाही, तुम्हीही संपर्क करा.

आणि एक, कटू वाटेल. आधी काठी, मग कॉलेज. भाऊ आठ वर्षं घरात आहे म्हणजे बहुतेक बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून चालतो. काठीने एकट्याने चालायचं रीतसर प्रशिक्षण असतं, नॅब या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे चौकशी करा. वर्गात काय शिकवलं ते कुणीही सांगेल. मुतारीपर्यंत रोज कोण नेणार?

---

सह्यकडा | १५ जून २०२५, सकाळी ९:३५

शेवटच्या वाक्याला शंभर वेळा अनुमोदन.

मी व्हीलचेअरवर. एमकॉम. आमच्या कॉलेजात नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणारी समिती येणार म्हणून आठवड्यात रॅम्प झाला. नियम असा की १ फूट चढायला १२ फूट लांबी हवी. यांनी ३ फूट जोत्याला १० फुटांत बसवला. खाली येताना घसरगुंडीच. समितीने फोटो काढले, गेली. दिव्यांगांसाठी स्वच्छतागृहही होतं, त्याला कुलूप, किल्ली शिपायाकडे, शिपाई बँकेत. तीन वर्षं मी सकाळी पाणी न पिता कॉलेज केलं. मूत्रमार्गाचा संसर्ग दोनदा झाला तो वेगळा.

एका मॅडमनी मात्र कुठलाही निधी न मागता माझं अख्खं वर्ष सोपं केलं. वेळापत्रकात आमच्या तुकडीचे सगळे तास तळमजल्यावर लावले. खडू-डस्टरइतकाही खर्च नाही.

---

उगाच_एक | १५ जून २०२५, दुपारी १:२०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. डोळस पोरं बीए करून घरी बसलीयेत. तिशीत इतिहास घेऊन काय होणार? त्यापेक्षा एखादा कोर्स, टेलिफोन ऑपरेटर, मसाज, काहीतरी हाताला काम. घरच्यांची फरफट तरी वाचेल.

---

पांढरी_काठी | १५ जून २०२५, दुपारी १:४८

टेलिफोन ऑपरेटर! साहेब, ते बोर्ड कधीच भंगारात गेले. अंध म्हटलं की खुर्ची विणणं, खडू आणि टेलिफोन, ही यादी माझ्या वडिलांच्या पिढीतली.

सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, त्यात अंध आणि अल्पदृष्टी मिळून १ टक्का. बहुतेक स्पर्धा परीक्षांना पदवी लागते, कुठलीही चालते. मी इतिहासच घेतला होता. बँकेत मला पानिपत कुणी विचारत नाही, पण पदवी नसती तर अर्जही भरता आला नसता.

---

नाना_पुणेकर | १५ जून २०२५, सायंकाळी ६:०५

३४ वर्षं प्राध्यापकी केली, त्यात बरीच वर्षं परीक्षेचं काम. लेखनिकाबद्दल लिहितो, कारण घोळ सगळा तिथे होतो.

केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. लेखनिक न घेता स्वतः संगणकावर लिहिलं तरी ही वेळ मिळते, हे पुष्कळ केंद्रांवर ठाऊक नसतं. अंध विद्यार्थ्याला लेखनिकासाठी 'लिहिता येत नाही' असा वेगळा दाखला लागत नाही. कुणी मागितला तर सूचना दाखवा. २०१८ च्या सूचनांत लेखनिक स्वतःचा आणायची मुभा होती, त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली हवं असा नियम होता. तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक मात्र आधी मागवून ठेवा, अर्जाचे नमुने वेगळे असतात.

अडचण कायद्याची नाही, कॅलेंडरची आहे. विद्यापीठाच्या परीक्षेच्या सुमारास अकरावीतल्या पोरांचीही परीक्षा असते. ऐन वेळी लेखनिक पळतो. दोन जण तयार ठेवा. आणि परीक्षेआधी त्याच व्यक्तीबरोबर निदान दोन पूर्ण पेपर लिहून बघा. माझ्या एका विद्यार्थिनीने 'रॉलेट कायदा' सांगितलं, लेखनिकाने 'रुलेट कायदा' लिहिलं, आणि तपासणाऱ्याने तिचा गुण कापला. सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे. उत्तर मनात मांडायचं, परिच्छेद कुठे संपला ते बोलायचं, अधूनमधून "वाच बघू" म्हणायचं.

इतिहासाला नकाशाचा प्रश्न येईल. त्याला पर्यायी प्रश्न असतो का हे जूनमध्येच विचारा, परीक्षेच्या सकाळी नाही.

ब्रेल शिकून घ्या असाही माझा आग्रह राहील.

---

पांढरी_काठी | १५ जून २०२५, रात्री ९:१५

नाना, ब्रेलवर माझं थोडं वेगळं मत. मी ब्रेलवर वाढलो आणि माझं शुद्धलेखन त्यामुळेच शाबूत आहे. पण तिशीत बोटांना ते वळण लागायला वेळ लागतो. पहिल्या वर्षी कीबोर्ड, ब्रेल हळूहळू. डब्यांवर, औषधांवर चिठ्ठ्या लावण्याइतकं आलं तरी पुष्कळ.

---

नाना_पुणेकर | १५ जून २०२५, रात्री ९:३२

मान्य. तुमचा अनुभव, माझं नुसतं मत.

---

अबोली | १६ जून २०२५, सकाळी ११:००

थोडं विषयांतर. मला कमी ऐकू येतं, दोन्ही कानांना यंत्र. अंध विद्यार्थ्याची अडचण लोकांना निदान दिसते. माझ्या बाबतीत "हिला तर सगळं समजतं" म्हणून मोकळे होतात. सर फळ्याकडे तोंड करून बोलायला लागले की माझा तास संपला. ओठच दिसत नाहीत. पूर्ण कर्णबधिर मैत्रिणीची तर परवड. आपल्याकडे दुभाष्या असलेलं साधं पदवी कॉलेज शोधून दाखवा. दिल्लीला सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये निघालं, दुभाषे तयार होतायत, पण हाताच्या बोटांवर. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे म्हणून निदान चौकशीला एक दार तरी आहे.

हल्ली मी फोनवर बोललेलं अक्षरांत उमटवणारं ॲप लावून पहिल्या बाकावर बसते. मराठी बरं जमतं त्याला. सरांनी 'तह' म्हटलं की 'दही' लिहितं एवढंच.

---

उगाच_एक | १६ जून २०२५, दुपारी १२:४०

पुरंदरचं दही. :)

बरं, काल जरा फटकळ बोललो. माझ्या आतेभावाला अपघातानंतर असंच घरी बसवलं, त्यावरून बोललो होतो. तो म्हणतो, मला कुणी विचारलंच नाही.

---

ओवी_नाशिक | १६ जून २०२५, रात्री ११:५०

सगळं वाचलं. आनंद वाटला आणि हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू.

माझा मुलगा २२ वर्षांचा. डाउन सिंड्रोम. तुमच्या सगळ्यांच्या अडचणीत निदान एक गृहीत आहे, की विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकतो. आमच्या पोरांनी कॉलेजला जावं अशी कल्पनाच कुणी केलेली नाही. अठराला विशेष शाळा संपली. मग कार्यशाळा. पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या, राख्या. आमच्या घरात तीन दिवाळ्यांना पुरतील इतक्या पणत्या पडल्यात. तो चांगलं काम करतो, पण त्याला विचारलं तर सांगतो, "मला ताईसारखं कॉलेज." बॅग पाठीला लावून सकाळी दारात उभा राहायचा. ताईचं कॉलेज संपलं तरी उभा राहायचा.

१८ पूर्ण झाल्यावर कायद्याने पालकत्वही नव्याने घ्यावं लागतं. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ते देते. निरामय योजनेचा १ लाखापर्यंतचा आरोग्य विमाही त्याच न्यासाचा. हे कागद सगळे केले. शिकायचं काय, त्याचं उत्तर कुठल्याच खिडकीवर नाही.

---

एकवीस_नंतर | १७ जून २०२५, पहाटे ४:१५

ओवी, मी व्हर्जिनियात असते, मूळची डोंबिवलीची. माझी मुलगी २३ ची, ऑटिझम आणि बौद्धिक अपंगत्व. ती युनिव्हर्सिटीत जाते. हे वाक्य लिहिताना मला अजूनही इकडेतिकडे बघावंसं वाटतं.

इथे २००८ च्या उच्च शिक्षण कायद्याने बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठीच्या कॉलेज कार्यक्रमांना मान्यता दिली. शालान्त प्रमाणपत्र नसलं तरी अशा मान्य कार्यक्रमात केंद्राची आर्थिक मदत मिळू शकते. देशभरात तीनशेच्या वर कार्यक्रम आहेत, 'थिंक कॉलेज' नावाच्या संकेतस्थळावर यादी आहे. पदवी मिळत नाही, प्रमाणपत्र मिळतं. ती आठवड्यात दोन तास नेहमीच्या वर्गात, इतर मुलांबरोबर, चित्रकलेच्या इतिहासाला बसते, परीक्षा न देता. बाकी वेळ पैशांचा हिशोब, बसचा प्रवास, स्वयंपाक, आणि ग्रंथालयात अर्धवेळ काम. एक विद्यार्थी-सोबती असतो, तो शिकवत नाही, कँटीनला बरोबर बसतो. माझ्या मते सगळ्यात जास्त ती तिथेच शिकली.

स्वर्ग नाही हं. फी आमच्या घराच्या हप्त्याला टक्कर देते. शाळेत होतं तोवर हक्काने सगळं मिळायचं, शाळा आपण होऊन विचारायची. कॉलेजात तसं नाही. विद्यार्थ्याने स्वतः अपंगत्व सांगायचं, कागद द्यायचे, सवलत मागायची. आणि १८ नंतर कॉलेज आईबापांशी बोलतच नाही. मी पहिल्या आठवड्यात फोन केला, तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, तिने लेखी परवानगी दिल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही. मी चिडले. रात्री मुलीला परवानगीच्या कागदावर सही कर म्हटलं तर तिने विचारलं, "कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. तीन आठवड्यांनी केली सही.

त्या खिडकीवरच्या माणसाचं वाचलं तेव्हा हेच आठवलं. तिथे तो भावाशी बोलत नव्हता. इथे माझ्याशी बोलत नव्हते.

---

ओवी_नाशिक | १७ जून २०२५, सकाळी ८:०५

तुमची पोस्ट नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. आमच्या इथल्या कॉलेजच्या समाजकार्य विभागात एक ओळखीच्या आहेत. आठवड्यातून दोनदा याला ग्रंथालयात पुस्तकं लावायला येऊ देतील का, आणि कँटीनला दोन पोरं बरोबर बसतील का, एवढंच विचारून बघते. प्रमाणपत्र नको, काही नको.

---

मोहर | १७ जून २०२५, सकाळी १०:२२

चर्चा उत्तम. फक्त 'अपंग' ऐवजी सर्वांनी 'दिव्यांग' लिहावं ही नम्र विनंती.

---

सह्यकडा | १७ जून २०२५, सकाळी १०:३०

मला अपंग चालतं. स्वच्छतागृहाची किल्ली द्या.

---

नाना_पुणेकर | १७ जून २०२५, सकाळी ११:१५

मुक्त विद्यापीठाचा प्रश्न राहिलाच. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं, अभ्यासकेंद्रं राज्यभर, आणि ज्यांना घराबाहेर पडणं अशक्य आहे किंवा नोकरी सांभाळायची आहे त्यांना ते वरदान आहे. त्याला कमी लेखू नका. पण "तुमची सोय नाही म्हणून तिकडे जा" आणि "मला ते हवंय म्हणून तिकडे जातो" यात फरक आहे. तुमचा भाऊ आठ वर्षं मुक्तच होता, त्याला आता वर्ग हवाय.

कॉलेजने अडवलंच तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत, त्यांच्याकडे तक्रार करता येते. तरी आधी दुसरं कॉलेज बघा. भांडून मिळवलेल्या वर्गात तीन वर्षं बसायचं असतं.

---

कृष्णाकाठ | ९ जुलै २०२५, रात्री ९:५०

उशिरा येतेय, क्षमस्व. दुसऱ्या एका अनुदानित कॉलेजात प्रवेश झाला! नवीन शैक्षणिक धोरणातल्या मेजर-मायनरच्या (मुख्य आणि दुय्यम विषयाच्या) घोळात दोन दिवस गेले, पण मेजर इतिहास मिळाला.

या वेळी मी खिडकीपाशी गेलेच नाही. बाहेर बाकावर बसले. त्याने अर्ज स्वतः टाइप केला होता. एनव्हीडीए तीन आठवड्यांपूर्वी टाकलं, अण्णा त्या आवाजाला 'बाहुला' म्हणतात आणि बंद करायला सांगतात. सहीसाठी पट्टी लावून दाखवा एवढं त्याने सांगितलं. प्राचार्यांनी विचारलं, काय काय लागेल? त्याने तीनच गोष्टी सांगितल्या: तास तळमजल्यावर, नोट्स युनिकोडमध्ये, आणि पहिल्या आठवड्यात एकदा कुणीतरी इमारत फिरवून दाखवणं. सह्यकडा, ही तुमची कृपा. तिसरी मागणी प्राचार्यांनी स्वतः पूर्ण केली. पायऱ्या मोजत गेले दोघं.

काठीचं प्रशिक्षण सुरू आहे. परवा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकटा जाऊन दूध घेऊन आला. आई सज्जातून बघत होती. पिशवी हातात घेतली आणि आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. ताटाचं मात्र अजून सांगते.

शिष्यवृत्तीचं राहिलंय. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे म्हणे. अण्णांच्या पेन्शनने आम्ही थोडक्यात बाहेर पडतोय. एसटीला ७५ टक्के सवलत लागू झाली, तेवढं सुटलं.

---

पांढरी_काठी | ९ जुलै २०२५, रात्री १०:०२

वा! भावाला म्हणावं इथे खातं काढ. तुमच्यामार्फत किती दिवस बोलायचं?

---

बाहुला | १२ जुलै २०२५, रात्री ११:३८

काढलं. कृष्णाकाठचा भाऊ. हे मीच टाइप करतोय, र्‍हस्व दीर्घ चुकलं तर कानाला कळत नाही, सांभाळून घ्या.

तीन दिवस झाले कॉलेजला. वर्गात सगळे अठराचे. मला 'सर' म्हणत होते, काल एक जण 'दादा' वर आला. कँटीनचा वडा बरा आहे, चहा नाही.

पांढरी काठी, प्राचीन भारताच्या नोट्स सरांनी दिल्या पण जुन्या फाँटमध्ये. कन्व्हर्टरने फिरवल्या तर सगळे रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसले, हर्षवर्धनाचा पार चेंदा झालाय. तुमच्याकडे बीएच्या युनिकोड फायली आहेत का?

---

पांढरी_काठी | १२ जुलै २०२५, रात्री ११:५१

तीस एक आहेत. विपू (इथली विचारपूस, निरोपाची जागा) बघ.